खालून शिरणारं वारं

१९ जून, गुरुवार. सकाळचे साडेनऊ. ठिकाण : नळदुर्गच्या बाजूचा टोलनाका, सोलापूरकडं जाणारी बाजू. हजर : मी, माझा धाकटा दीर रवी आणि आमच्या गॅरेजचा फिटर महिबूब. सोबत : पाण्याचा कॅन, लाल फडकं, पक्कड, जॅक, सतरंजी. गैरहजर : करड्या रंगाची एक गाडी. तिच्यासाठी आम्ही सोमवारपासून रोज इथं येऊन उभे राहतोय.

पाऊस नाही. नुसतं वारं आहे. मृग लागला की आमच्या भागात आधी वारं येतं, ढग मागाहून. ते पश्चिमेकडून येतं, सोलापूरच्या अंगानं, आणि एकदा सुरू झालं की दिवसच्या दिवस थांबत नाही. माळावरचं गवत एका कुशीवर झोपतं. टपऱ्यांचे पत्रे वर ठेवलेल्या दगडांखाली धडपडत राहतात. तारेवर वाळत घातलेली चादर पोट फुगवून उभी राहते आणि चिमटा तुटला की शेजारच्याच्या शेतात सापडते. लांब माळावर पवनचक्क्या फिरायला लागतात. पूर्वी त्या फिरताना दिसल्या की मला बरं वाटायचं, उकाडा संपला म्हणून. गेल्या वर्षापासून त्या फिरताना दिसल्या की मी यादी उघडते.

यादीत नऊ गाड्या आहेत. आठांसमोर बरोबरची खूण आहे. या नऊही गाड्यांना मुरुमच्या आमच्या गॅरेजात बॉडी किट बसवलं आणि नऊही गाड्यांच्या पोटाखालचं पॅनल आम्ही कापून प्लास्टिकच्या टायनी बांधलं. ते टाय ऊन, इंजिनची धग आणि ब्रेकरचे दणके खाऊन वाळतात, कडक होतात, एके दिवशी तुटतात. तुटले आणि समोरून जोराचं वारं असलं, तर पॅनल उघडतं आणि पुढच्या चाकाखाली जातं. नवव्या गाडीत एक बाई असते. तिचं नाव मला माहीत नाही. मागच्या सीटवर लहान लेकराची खुर्ची बांधलेली आहे, एवढं माहीत आहे.

पॅनल कापायची कल्पना माझी होती.

गॅरेज रवीचं, वही माझी. आमचे हे शेतीत असतात, त्यांना गाडीतलं फक्त डिझेल कळतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात काय आणायचं, काय संपलं, कुणाला काय सांगायचं, हे माझ्या कागदावर असतं. गॅरेजातही तेच. कुठल्या गाडीचं काय काढलं आणि काय परत बसवलं, हे लिहिल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही. महिबूब म्हणतो, "भाभीच्या वहीत न्हाय तर गाडी जगात न्हाय." तो हे कौतुकानं म्हणतो की चिडून, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

किटचं वेड दोन वर्षांपूर्वीचं. तोवर मुरुमात गाडी सजवायची म्हणजे काचेवर मुलांची नावं आणि आरशाला फुंदा. रवीनं पुण्याहून पहिलं किट आणलं आणि गॅरेजसमोर माणसं जमायला लागली. पुढच्या बंपरखाली बसणारी काळी पट्टी, तिला लिप म्हणतात. दोन्ही बाजूंना दारांखाली स्कर्ट. मागं डिकीवर पंख. बंपरखाली खाचाखाचांचं एक नक्षीकाम, शर्यतीच्या गाडीला असतं तसं दिसणारं. किट बसलं की गाडी आधी तुळजापूरला जायची, हळदीकुंकू लावून घ्यायची, कवड्यांची माळ आरशाला अडकवून परत यायची. परत येताना हमखास चालवणाऱ्याचा चेहरा बदललेला असायचा. ज्याला आयुष्यात कुणी वळून बघितलं नव्हतं, त्याला आता पेट्रोलपंपावर माणसं विचारायची, कुठून केलं?

"वहिनी, हे नुसतं दिसायला न्हाय," रवी मला सांगायचा. "गाडी रस्त्याला चिकटती."

मला असलं बोलणं तपासल्याशिवाय पटत नाही. मी त्याला नीट सांगायला लावलं, आणि त्यानं जे सांगितलं ते कागदावर तरी बरोबर होतं. गाडी पळते तेव्हा वारं वरून जातं तसं खालूनही जातं. वरचं वारं आपल्याला कळतं, काचेवर ऐकू येतं. खालचं कुणी बघत नाही. गाडीचं पोट म्हणजे नळ्या, सळया, खोबणी. वारं तिथं अडकतं, घोटाळतं, गाडीला मागं ओढतं आणि वर उचलतं. म्हणून कंपनी पोटाखाली सपाट पॅनल लावते. सपाट पोटाखालून वारं झर्रकन निघून जातं, खालचा दाब कमी होतो आणि गाडी जमिनीला धरून राहते. लिपनं खाली जाणारं वारंच कमी होतं. स्कर्टनं बाजूनं आत घुसणारं थोडं अडतं. हे सगळे भाग एकमेकांच्या भरवशावर असतात. पोट सपाट नसेल तर मागच्या नक्षीकामाला काही अर्थ उरत नाही.

पंखाचं मात्र मला तेव्हाच खटकलं होतं. तो मागच्या चाकांच्याही मागं. तिथं वाऱ्यानं दाबलं तर पुढचं तोंड हलकं व्हायचं. बैलगाडीत मागं पोती जास्त झाली की जू वर उचलतं, बैलांच्या मानेला लागतं. त्याला आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. मी रवीला म्हटलं, "तू माणसांच्या गाड्या उलाळ करून देतोस." तो हसला. म्हणाला, "वहिनी, एवढ्या वेगानं हितं कोण पळतंय? खड्डे मोजायलाच गाडी हळू चालवावी लागती."

मग मातीची तक्रार सुरू झाली. आमच्याकडची काळी माती पावसात पायाला धरते तशी गाडीच्या पोटालाही धरते. शेतातून, पाणंदीतून गाडी आली की पॅनलच्या वर घमेलंभर चिखल बसतो. वाळला की विटेसारखा. आधी तो इकडून तिकडून गळून जायचा. लिप बसवल्यावर वाट बंद झाली. गाड्या खडखडायला लागल्या. धुवायला म्हणून सगळं पॅनल उतरवायचं, दहा क्लिपा काढायच्या, त्यातल्या चार तुटायच्या. महिबूब वैतागला. गिऱ्हाईक वैतागलं. मी एक दिवस जॅकखाली वाकून बघितलं आणि म्हटलं, "पुढून चार बोटं कापा. तेवढा तुकडा टायनं बांधा. टाय कापला की तोंड उघडंल, पाइप घालून माती धुवायची, नवा टाय लावायचा."

महिबूबनं माझ्याकडं बघितलं. "भाभी, दिमाग है."

मी वहीत लिहिलं : खालून माती काढायला तोंड ठेवणे. सगळ्या किटच्या गाड्यांना. आणि नऊ वेळा खूण केली. ती पानं आता बघवत नाहीत, पण मी फाडली नाहीत. अक्षर फार छान आलं आहे.

गेल्या वर्षीच्या मृगात, याच वाऱ्यात, आम्ही एक प्रयोग केला. तोही माझाच हट्ट. रवीच्या लाल गाडीला खरंच फायदा होतो का ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. घरात स्वेटरची उरलेली लोकर होती. वीतभर लांबीचे धागे कापले, टपावर, दारांवर, डिकीवर, पंखावर, लिपच्या खालच्या कडेला चिकटपट्टीनं लावले. टपाला पिवळे, बाजूंना हिरवे, लिपला पांढरे. गाडी नवरदेवाच्या घोड्यासारखी दिसत होती. मुरुम मोडावरच्या चहावाल्यानं विचारलं, "रवीशेठ, कुणाचं लगीन?"

"गाडीचं," रवी म्हणाला. "वहिनीनं ठरवलंय."

रवी लाल गाडीत. मी महिबूबच्या गाडीत, फोन धरून, कधी शेजारून, कधी मागून. रस्ता मोकळा होता. टपावरचे धागे चापूनचोपून केस विंचरल्यासारखे मागं पडले. डिकीवरचे मात्र वेड्यासारखे गोल फिरत होते, आणि पंखावरचे त्याहून वेडे. म्हणजे पंखाला सरळ वारं मिळतच नव्हतं, तो नुसता मिरवत होता. मला बरं वाटलं. निदान तो पुढचं तोंड उचलत तरी नव्हता. आम्ही शेजारी आलो. लिपचे पांढरे धागे खाली, मागच्या बाजूला सपाट जायला हवे होते. डावीकडचे तसे होते. मधले दोन वळून वर गेले, लिप आणि पॅनलच्या फटीत, जणू आतून कुणी ओढून घेतले. नंतर दिसलेच नाहीत.

मी वहीत लिहिलं : मधले दोन धागे आत गेले, चिकटपट्टी कमी पडली असावी. आणि पुढच्या ओळीवर गेले.

चिकटपट्टी कमी पडली नव्हती. तोंड उघडायला लागलं होतं.

बारा-तेरा दिवसांनी रवी एकटाच सोलापूरला निघाला. वेग ऐंशीचा. तो आजही तेच सांगतो, ऐंशीच होता, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण गाडीच्या तोंडाला काट्यावरचा वेग कळत नाही, तिला वारं कळतं. समोरून चाळीसचं वारं असलं की ऐंशीची गाडी एकशेवीसच्या वाऱ्यात असते. हा रस्ता मुरुमकडून सोलापूरला जाताना सरळ त्या वाऱ्याच्या तोंडात जातो. परत येताना तेच वारं पाठीशी असतं, तेव्हा काही कळतही नाही. आणि मृगाआधी असं वारंच नव्हतं, म्हणून आठ महिने सगळं ठीक होतं. म्हणून सगळ्यांना वाटलं, चांगलं काम झालंय.

"आधी खालून भुर्र असा आवाज आला," रवी दवाखान्यात सांगत होता. "मला वाटलं टायर. मग आवाज बंद झाला आन् गाडी हलकी झाली. वहिनी, स्टेरिंगात वजनच न्हाय. पाण्यावर असल्यागत. मी फिरवतोय आन् गाडीला कळतच न्हाय." मग पॅनल पूर्ण उघडलं, मागं दुमडलं, डाव्या चाकाखाली गेलं. गाडी रस्ता सोडून चारीत गेली, तिथून बांधावर. त्याच्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून यापुढचं मला लिहावं लागत नाही. त्या सीटकडचं दार जिथं आत आलं, ती जागा मी बघितली आहे.

रवीचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना तो आधी तो हात घालतो.  तो मला कधी काही म्हणाला नाही, हे जास्त जड आहे.

दवाखान्यातच मी यादी केली. उरलेल्या आठांपैकी पहिले पाच चार दिवसांत आले. फोनवर समजावणं सोपं नव्हतं. उमरग्याचे एक गुरुजी म्हणाले, "अक्का, माझी गाडी साठच्या वर जातच न्हाय." मी म्हटलं, "गुरुजी, वारं जातंय न्हवं." दाळिंबचे एक जण गाडी घेऊन आले तर पॅनलच्या त्याच तोंडाला, त्याच टायला, जुनी चप्पल आणि काळी बाहुली बांधलेली. नजर लागू नये म्हणून. चप्पल वाऱ्यानं इतकी आपटली होती की तळ झिजून गेला होता. चारपैकी एकच टाय शिल्लक. महिबूब खाली झोपून बघत होता, तिथूनच म्हणाला, "भाऊ, ही चप्पल तुमालाच बसली आसती." ते हसले. मग त्यानं तुटलेले टाय बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवले. बोटांनी दाबले की पापडासारखे मोडत होते. मग हसले नाहीत.

सगळ्यांची कापलेली पॅनल काढून टाकली, अखंड बसवली, धातूच्या वायसर घालून स्क्रू मारले. लिप उतरवल्या. काहींना वाईट वाटलं, एकानं लिप घरी नेऊन भिंतीला लावली. दिवाळीपर्यंत रवीच्या गाडीसकट आठ खुणा झाल्या.

नववी गाडी बसवराज अण्णांची होती. त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. त्यांनी ती किटसकट विकून टाकली होती, सोलापूरच्या एका एजंटमार्फत. एजंटचा फोन बंद. कागदावर गाडी अजून अण्णांच्याच नावावर, म्हणजे आरटीओच्या कचेरीत विचारलं तर तिथूनही अण्णांचंच नाव येतं. चौकीत अर्ज दिला, नाक्यावरच्या माणसांना नंबर लिहून दिला. ते म्हणाले दिसली तर थांबवू, पण गाड्या आता आपोआप सुटतात, दांडा वर गेला की गेली.

"घेणारे नवराबायको हुते," अण्णांनी आठवून सांगितलं. "बाईच चालवणार म्हणले. नोकरी करतात कुठं तरी. मागं लेकराची खुर्ची बसंल का म्हणून त्यांनीच मोजून बघितलं. आन् हो, पुढची ती पट्टी बघून बाई म्हणल्या, छान दिसती, काढू नका."

काढू नका. अण्णांना काय माहीत. मीच त्यांना सांगितलं होतं, काम पक्कं आहे.

उन्हाळ्यात अण्णांच्या फोनवर दंडाचा संदेश आला. वेग जास्त, म्हणून. गाडी त्यांच्या नावावर, तेव्हा संदेश त्यांनाच. त्यांनी माझ्याकडं पाठवला, मी खूश झाले. गाडी आहे. चालते आहे. कॅमेरा नळदुर्गच्या पुढचा, तोंड सोलापूरकडं. मग लक्षात आलं की हे खूश होण्यासारखं नाही. ती बाई वेगानं जाते, आणि ज्या दिशेनं जाते त्या दिशेला मृगात वारं समोरून असतं. तरी मी मृगापर्यंतचे दिवस नुसते मोजत बसले. त्याआधी शोधायला हवी होती. नाक्यावर उभं राहायचं मला सोमवारी सुचलं, वारं सुरू झाल्यावर. रवी म्हणाला, त्याचा एक हात तरी लाल फडकं नक्कीच धरू शकतो.

आज चौथा दिवस. करड्या गाड्या किती असतात हे इथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. लांबून प्रत्येक गाडी तीच वाटते. जवळ आली की रवी पुढचं तोंड बघतो, महिबूब नंबर, मी मागची खुर्ची. एका गाडीतल्या आजीबाईंनी आम्हाला वर्गणीवाले समजून काच खाली न करताच हात जोडले. महिबूब म्हणाला, "भाभी, पावतीपुस्तक आणाय पाहिजे हुतं." वारं इतकं होतं की त्याचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं. नाक्याच्या छतावरचा एक पत्रा सुटला आहे, तो सकाळपासून एकाच लयीत आपटतोय. भुर्र, मग शांत. भुर्र, मग शांत. रवी त्या बाजूला पाठ करून उभा राहतो.

बाराच्या सुमारास अण्णांचा संदेश आला. आणखी एक दंड, आजच पोचलेला. मी फोटो उघडला. करडी गाडी, समोरून. काचेमागं बाईचा चेहरा नाही, नुसता उजेड. वेग अठ्ठ्याण्णव. महिबूबनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, गाडीच्या तोंडाखाली आणला आणि बराच वेळ तसाच धरला.

"काय दिसतंय?" रवीनं विचारलं.

"लिपच्या खाली काळं उतरलंय. डाव्या अंगाला." त्यानं फोन मला परत दिला. "दोन टाय गेलेत. जास्त पण आसतील."

"कधीचा फोटो हाय?"

मी तारीख वाचली. सोमवार. याच आठवड्यातला, आम्ही इथं उभे राहिलो त्याच दिवसाचा. वेळ, सकाळचे आठ वाजून सात मिनिटं.

साडेनऊची वेळ मी ठरवली होती. गॅरेज उघडून, कामं वाटून देऊन, मग निघायचं, म्हणजे कुणाचा खोळंबा नको. वहीत तसं लिहिलेलं आहे. सोमवार, साडेनऊ. मंगळवार, साडेनऊ. बुधवार, साडेनऊ. आम्ही पोचायच्या दीड तास आधी ती सोलापूरला, बहुतेक कामावर, निघून गेलेली असते. मंगळवारीही गेली असेल. आजही गेली असेल.

 रवीनं डाव्या हातात लाल फडकं घेतलं आणि दुभाजक ओलांडून पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, संध्याकाळी ती परत येईल त्या बाजूला. मी त्याला हाक मारून सांगणार होते की संध्याकाळला अजून पाच-सहा तास आहेत, ऊन आहे, टोपी तरी घे. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसतं.

महिबूब सतरंजी झटकून पुन्हा अंथरत होता, गाडी थांबली तर लगेच खाली झोपता यावं म्हणून. मी वही मांडीवर घेतली, पानं उडू नयेत म्हणून पक्कड ठेवली आणि लिहिलं : शुक्रवार, सकाळी सात, सोलापूरकडची बाजू. करडी गाडी थांबवणे. लेकराला आधी उतरवणे. टाय कापणे, पॅनल काढून घेणे. बाईंना मी स्वतः सांगणे.

समोरची जागा खुणेसाठी रिकामी ठेवली.